सहा बोटांचा फरक

अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सहदेव काका,

तुम्हाला वाकून नमस्कार, आणि माणिक काकूंना त्याहून जरा जास्त वाकून.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, असं काकूंनी सांगितलं. म्हणून हे पत्र. तुम्हाला चिडायला तेवढंच एक नवं साधन.

बातमी अशी की पाच वर्षांचं माझं काम संपलं. पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात देऊन आले. चौदा फेब्रुवारीला तोंडी परीक्षा आहे. ती बंद खोलीत नसते, ज्याला यायचं तो येऊन बसू शकतो. बाहेरगावचे परीक्षक प्रश्न विचारतील, मी उत्तरं देईन, आणि नाही आली तर सगळ्यांदेखत फजिती होईल. आई असती तर सकाळपासून पहिल्या रांगेत जागा धरून बसली असती. ती नाही. आता माझी म्हणावी अशी माणसं दोनच घरांत उरली आहेत, एक इथलं आणि एक मळ्यातलं. त्या दिवशी बाबा आणि तुम्ही, दोघं मला एका खोलीत हवे आहात. मला दुसरं काही नको.

मागणी लहान नाही हे मला कळतं. तुम्ही दोघं सख्खे भाऊ सात वर्षं एकमेकांशी बोललेला नाहीत. विहिरीवर काय झालं ते मी फक्त बाबांकडून ऐकलंय, म्हणजे अर्धंच ऐकलंय. मी तेव्हा होस्टेलला होते. परवा बाबांना विचारलं, सहदेव काकांना बोलावू का. ते म्हणाले, "तो येत असन तं मी येत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणून हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही आणि मी त्याचा फायदा घेतेय, याची लाज वाटते. पण लिहिते आहे.

आणखी एक अडचण. माझ्या मार्गदर्शक प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, सुरुवातीची पाच मिनिटं मराठीत बोल, घरच्यांना कळेल असं. विषय आहे गेज सिद्धांत. मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. लहानपणी मी काहीही सांगितलं की तुम्ही "म्हंजे काय?" विचारायचात आणि माझी बोलती बंद व्हायची. तसं विचारणारं इथं कोणी नाही.

तुमची,
रागिणी


मळा, बार्शीटाकळी रस्ता, अकोला
२५ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणी,

तुला आशीर्वाद पुष्कळ. तुझ्या काकूने तुझं पत्र मला द्यायच्या आधी स्वतः दोनदा वाचलं. या घरात मालकी कोणाची आहे ते यावरून समजून घे.

पोरी, तू एवढी शिकलीस, छाती भरून आली. आपल्या घरात भाजी आणि फुलं विकण्यापलीकडे कोणी गेलं नव्हतं. पण येण्याचं विचारू नकोस. अर्धं ऐकलं म्हणतेस, तर उरलेलं अर्धं ऐक.

विहीर सामाईक. वाटणीत वरचं वावर दादाकडे गेलं, खालचं माझ्याकडे, मध्ये धुरा, चांगला कमरेएवढा उंच बांध. विहिरीपासून दादाच्या वावराच्या कडेने माझ्या वाफ्यांपर्यंत सिमेंटचा पाट बांधायचं दोघांच्या विचाराने ठरलं. डोमाजी मिस्त्रीने पायाची ओळ लावली. दादाने उभं राहून लावून घेतली. मी दोन दिवस शेवंती घेऊन बाजारात होतो. आल्यावर म्हटलं, आपण पण माप घेऊन पाहावं. तुला माहीत असेल, नळीत पाणी भरायचं, एक टोक इथल्या खुणेला धरायचं, दुसरं टोक तिकडे न्यायचं. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहतं. मी विहिरीच्या उंच दगडावर, धुऱ्याच्या माथ्याहून वर, खूण केली आणि माझ्या वाफ्यापर्यंत नळी नेली. तर काय, पाट माझ्याकडे येताना दोन बोटं चढत होता. चढावर पाणी येतं का? म्हणजे सगळं पाणी दादाच्याच वावरात तुंबणार. दादा म्हणे, मोटारीच्या खोलीवर माझी खूण आहे, तिथून चार बोटं उतार आहे. चार बोटं उतार आणि दोन बोटं चढ, सहा बोटांचा फरक. एवढी चूक आंधळाही करत नाही. मग एकजण खोटं बोलतोय.

विहिरीवर दहा माणसं होती. त्यांच्यासमोर दादा म्हणाला, "सहदेवा, तू खोटा बोलून राहिला. तुले पाट नाई पायजे, तुले वावर पायजे." मोठा भाऊ, बापाच्या जागी. मीही बोललो काहीबाही. पाट तिथेच थांबला, अजून तसाच आहे, गवत उगवलंय त्यात. पुढच्या वर्षी दादा वावर बटईने, अर्ध्या वाट्याने कसायला देऊन तुझ्याकडे अमरावतीला निघून गेला. जाताना माझ्या दारावरून गेला, आत आला नाही.

आता तुझं ते गेज. गेज म्हटल्यावर आम्हाला मूर्तिजापूर-अचलपूरची छोटी लाईन आठवते, नॅरो गेज. ते आहे का? नसेल तर काय आहे ते मला कळेल असं लिही. पुस्तकातलं उतरवून पाठवू नकोस. मला समजलं तर येण्याचा विचार करीन. करीनच असं नाही, विचार करीन.

तुझा काका,
सहदेव


अमरावती
३ डिसेंबर २०२४

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि दोन गोष्टी झाल्या. एक तर मी रडले. दुसरं म्हणजे माझा विषय कसा सांगायचा ते मला सापडलं.

रेल्वेचं नाही, पण मापाशी नातं आहे खरं. शंभरेक वर्षांपूर्वी एकाने हा विचार लांबीच्या मापावरून सुरू केला होता. तो विचार चुकला, नाव मात्र चिकटून राहिलं.

तुम्ही विहिरीच्या दगडावर खूण केलीत, बाबांनी मोटारीच्या खोलीवर. कोणाची खरी? कोणाचीच नाही आणि दोघांची. खूण कुठे करायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. पाणी कुठे वाहणार हे खुणेवर ठरत नाही, दोन जागांच्या उंचीतल्या फरकावर ठरतं. तुम्ही तुमची खूण हातभर वर केली म्हणून पाणी दिशा बदलणार नाही. इथपर्यंत डोमाजी मिस्त्रीलाही माहीत आहे.

आता पुढची पायरी. समजा प्रत्येक वाफ्याने स्वतःची वेगळी खूण केली, एकमेकांना न विचारता. मग या वाफ्याचं माप त्या वाफ्याच्या मापाशी कसं जुळवायचं? मध्ये काहीतरी हवं, जे इथली खूण तिथे नेऊन दाखवील. ती तुमची नळी. नळी नसेल तर या खुणांना अर्थच नाही.

निसर्गात असंच आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ घड्याळासारखा एक काटा असतो असं समजा. त्या घड्याळाचे बारा कुठे मांडायचे याची प्रत्येक जागेला मोकळीक आहे. आम्ही फक्त एवढंच म्हणतो, की कोणी बारा कुठेही मांडले तरी जे घडतं ते बदलता कामा नये. हा साधा न्याय आहे, काका. पण तो पाळायचा तर इथला काटा आणि शेजारच्या जागेचा काटा जुळवणारं काहीतरी असायलाच हवं. आणि ते असतं. त्यालाच आपण वीज आणि चुंबक म्हणतो. प्रकाश म्हणजे त्यातलीच लहर. कल्पना करा, माणसांनी फक्त न्याय मागितला आणि त्यातून प्रकाश निघाला. मी पहिल्यांदा हे शिकले तेव्हा वर्गातून बाहेर येऊन ग्राउंडवर नुसती फिरत बसले होते.

तोच न्याय जरा गुंतागुंतीच्या काट्यांना लावला की अणूचं केंद्र बांधून ठेवणारं बळ मिळतं. आणखी एक प्रकार लावला की सूर्य ज्यामुळे जळतो त्यातलं एक बळ मिळतं. तीन बळं, नियम एक. चौथं गुरुत्वाकर्षण. त्याचंही बरंचसं जमतं, पण त्यावर मोठमोठ्यांची भांडणं चालू आहेत, आपल्याकडच्यासारखीच.

आता माझं स्वतःचं काम. नळी घेऊन वाफ्या-वाफ्यांतून फिरत फिरत वळसा घालायचा आणि निघालो त्याच खुणेवर परत यायचं. नळीने पुन्हा तीच खूण दाखवली पाहिजे. निसर्गात ती पुष्कळदा दाखवत नाही, थोडा फरक येतो. तो फरक म्हणजेच बळ. आणि त्यातली गंमत अशी, की सगळ्यांनी आपापल्या खुणा पुसून नव्या केल्या तरी वळशाचा फरक तेवढाच राहतो. तो कोणाच्या मर्जीवर नाही. पाच वर्षं मी कॉम्प्युटरवर असे बारीक बारीक वळसेच मोजतेय.

समजलं का? नसेल तर "म्हंजे काय?" म्हणा. मी वाट पाहते.

तुमची,
रागिणी


मळा, अकोला
१४ डिसेंबर २०२४

चि. रागिणी,

समजलं. चांगलं समजलं. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त समजलं.

अभ्यासाच्या आडून तू बापाची बाजू घेतलीस. दोघांची खूण खरी म्हणतेस, आणि शेवटी हळूच सांगतेस की काका, तुम्ही वळसा घालून पाहिला नाही. नाही पाहिला. सात वर्षांपूर्वी मला कोणी शिकवलं नव्हतं की आपल्याच खुणेवर परत येऊन स्वतःची परीक्षा घ्यायची असते. दादाने तरी कुठे घेतली होती? पण दादाला कोणी विचारत नाही. मोठ्या भावाला कधीच कोणी विचारत नाही. लहानपणापासून तेच पाहतोय.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. शेवंतीचे दिवस आहेत, सध्या पत्र लिहू नकोस.

सहदेव


अमरावती
२२ डिसेंबर २०२४

ती. काका,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहितेय. हवं तर उघडू नका, काकू उघडतील.

तुम्ही म्हणता तसं मी मुद्दाम केलं नव्हतं. म्हणजे वळशाचं लिहिताना मनात तुमचा पाट नव्हता असं म्हणाले तर खोटं होईल. होता. पण चूक तुमचीच निघेल असं धरून मी चालले नव्हते. बाबांची निघाली असती तर तेही मी त्यांना तोंडावर सांगितलं असतं. मला खरंच माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही.

आता माझी चोरी सांगते. तुमचं मागचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनने ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. वाचता येत नाही, पण अक्षराचा तिरपेपणा ओळखला. म्हणाले, "सहदेवाचं हाये." मला नाही म्हणता आलं नाही. मग मी त्यांना सगळी पत्रं वाचून दाखवली, तुमची आणि माझ्या पत्रांचे कच्चे खर्डेही. तुमचं पहिलं पत्र वाचताना, जाताना दारावरून गेला, आत आला नाही, इथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, वाच पुढे.

सगळं ऐकून झाल्यावर मला वाटलं आता चिडतील. चिडले नाहीत. एकच वाक्य बोलले, "त्याले विचार, नळी कोनती होती."

मी विचारलं, कोणती म्हणजे? ते म्हणाले, तेवढंच लिही. म्हणून जसंच्या तसं तुम्हाला विचारते आहे.

तुम्ही रागावलात याचं मला फार वाईट वाटतंय, काका. तुम्ही फेब्रुवारीत नाही आलात तरी चालेल असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. चालणार नाही.

रागिणी


मळा, अकोला
९ जानेवारी २०२५

चि. रागिणी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फेकून दिलं. काकूने उचलून देवापुढे ठेवलं, म्हणजे आता फेकता येईना. नळी कोणती होती, हा काय प्रश्न झाला? असं म्हणत मी चार दिवस फिरलो. पाचव्या दिवशी वाफ्यात पाणी सोडून बसलो होतो आणि मला आठवलं.

डोमाजी मिस्त्रीची नळी पारदर्शक होती, पण आखूड. माझ्या वाफ्यापर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून मी तिला ठिबकची काळी नळी जोडली, भोकं न पाडलेली, कोरी. दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडे लावले, मध्ये सगळी काळी. मला वाटलं, पाणी ते पाणी, नळीच्या रंगाने त्याला काय होतं?

ती काळी नळी अजून माझ्याकडे आहे. आपल्याकडे काही टाकून देतात का? शेजारच्या बुधाजीला बोलावलं आणि तू लिहिलं तसा वळसा घातला. विहिरीच्या दगडापासून निघालो, धुऱ्यावरून नळी पलीकडे नेली, माझ्या वाफ्यांना वळसा घातला, आणि धुरा जिथे रस्त्यापाशी संपतो त्या सपाट जागेने परत विहिरीवर आलो. नळीची दोन्ही टोकं एकाच दगडाला शेजारी-शेजारी धरली. एकाच नळीतलं पाणी, एकच दगड. दोन्हीकडे बरोबर उभं राहायला पाहिजे होतं.

बोटं लावून मोजलं. पाचच्या वर, सहाच्या जरा आत. बुधाजी हसला. मी तिथेच दगडावर बसलो. काकू धावत आली, म्हणाली, "कावून बसले असे? चक्कर आली काय?" मी म्हटलं, नाही, सात वर्षं खाली बसली.

मग नळी हाताने चाचपत गेलो. धुऱ्यावरून उतरते तिथे नळी दाबली तर पोकळ लागली. पाणी भरताना हवा तिथे अडकून राहिली होती, वितीएवढ्या उतारावर. पारदर्शक असती तर कोणालाही दिसली असती. ठिबकला भोक पाडायचं हत्यार घेऊन टोचलं. फुस्स करून हवा गेली, आणि दगडापाशी दोन्ही टोकांतलं पाणी हळूहळू एकाच रेघेला आलं. बुधाजीने हाक मारून सांगितलं, म्हणजे हात हलवून सांगितलं, मला ऐकू कुठे येतं.

तर पाट बरोबर होता. चार बोटं उतार, दादा म्हणत होता तसाच. मी खोटं बोलत नव्हतो, पण चुकलो होतो, आणि चुकलो ते भावाला चोर ठरवून चुकलो. दहा माणसांसमोर बोललो होतो, तेव्हा कबूलही माणसांसमोरच करायला पाहिजे. तुझ्या परीक्षेला येतो. तुझ्या त्या मोठ्या लोकांची हरकत नसेल तर उभं राहून दोन वाक्यं बोलीन. हे दादाला वाचून दाखव.

तुझा काका,
सहदेव


अमरावती
१७ जानेवारी २०२५

ती. काका,

तुमचं पत्र मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. सुरुवातीला मी इतकी खूश होते की वाचताना हसू आवरत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून थांबले.

हे पुढचं लिहू नकोस असं त्यांनी मला सांगितलंय. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करते आहे. न लिहिता तुम्हाला परीक्षेला येऊ दिलं आणि तुम्ही उभं राहून माफी मागितलीत, तर मला आयुष्यभर स्वतःकडे बघता येणार नाही. म्हणून लिहिते.

बाबांना ठाऊक होतं. भांडणानंतर महिन्याभरात डोमाजी मिस्त्रीने त्यांना सांगितलं की सहदेवभाऊंनी माझ्या नळीला काळी नळी जोडली होती. बाबांनी त्याच क्षणी ओळखलं की हवा अडकली असणार. तुम्ही खोटं बोलत नव्हतात हे त्यांना सात वर्षं माहीत आहे. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तो मले चोर समजला. मंग म्हटलं, त्याचं त्याले कळू दे." आधी राग होता, मग आज सांगू, उद्या सांगू झालं, आणि मग इतके दिवस गेले की सांगायचीच लाज वाटायला लागली. नळी कोणती होती हे विचारलं तेही त्यासाठीच, की तुम्हाला आपोआप कळावं आणि त्यांना काही बोलावं लागू नये.

मी त्यांच्यावर खूप ओरडले. तसं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

आता तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही. मला आग्रह करायचा हक्क राहिलेला नाही.

रागिणी


अमरावती
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

महिनाभर तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हाच मी समजले. तरी झालं ते तुम्हाला कळवायलाच हवं.

परीक्षा झाली. पास झाले. तुमची पुतणी आता डॉक्टर आहे, पण ताप आला तर उपयोगाची नाही.

बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी त्यांची पिशवी ठेवली होती. एक प्राध्यापक तिथे बसायला आले तर म्हणाले, माणूस येनार हाये. दोनदा असं झालं. सुरुवातीच्या पाच मिनिटांत मी विहीर, दोन खुणा आणि नळी सांगितली. नावं कोणाची घेतली नाहीत. एवढंच म्हणाले की दोन भाऊ होते, दोघांची मापं जुळेनात, आणि दोष दोघांच्याही खुणेत नव्हता. परीक्षकांना आवडलं. त्यातले वयस्क गृहस्थ म्हणाले, मग त्या भावांचं पुढे काय झालं?

मी काही बोलणार तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. समोरची खुर्ची हाताने धरली होती. सगळे मागे वळून पाहायला लागले. ते जे बोलले ते मी शब्दन् शब्द लिहिते. "त्यातला मोठा भाऊ मी. लहान्याची नळी काळी होती, त्यात हवा अडकली होती. हे मले म्हैन्याभरातच समजलं होतं. सात वर्षं मी बोललो नाई. त्याची चुकी हवेची होती. माही चुकी जानूनबुजून केलेली होती. तो आज इथं असता तं त्याच्या तोंडावर बोललो असतो."

आणि बसले. मग त्या परीक्षकांनी हळूच पुढचा प्रश्न विचारला आणि परीक्षा पुढे चालू झाली. मला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट देता आली नाहीत, डोळ्यांपुढे फळाच दिसत नव्हता.

घरी येताना बाबा रिक्षात म्हणाले, चांगलं झालं तो नाही आला, मले जमलं नसतं. थोड्या वेळाने म्हणाले, नाही, वाईट झालं.

तुमची,
रागिणी


मळा, अकोला
२४ फेब्रुवारी २०२५

चि. डॉक्टर रागिणी,

मी आलो होतो.

तुझं जानेवारीचं पत्र वाचल्यावर ठरवलं होतं, या माणसाचं तोंड पाहायचं नाही. काकूने मला डबा बांधून दिला आणि सांगितलं, तोंड पाहू नका, पोरीला पाहून या. सकाळच्या एसटीने आलो. दरवाजाजवळ शेवटच्या रांगेत, तुला दिसणार नाही असा लोकांच्या आड बसलो. यंत्र लावलं नव्हतं, ते लावलं की मला फक्त पंखे ऐकू येतात. तू फळ्यावर विहीर काढलीस ते पाहिलं. विहीर वाकडी काढलीस. फार बरं वाटलं.

मग दादा उभा राहिलेला दिसला. समोरची खुर्ची धरून बोलताना दिसला. सगळे लोक वळून पाहत होते, कोणी हसत नव्हतं. एक शब्द ऐकू आला नाही. मला वाटलं, माझं कबुलीचं पत्र तो या लोकांना सांगतोय, बघा, माझा भाऊ चुकला, त्याने लिहून दिलंय. दहा माणसांसमोर एकदा झालं होतं, आता पन्नासांसमोर. मी उठलो आणि स्टँडवर आलो. डबा एसटीत खाल्ला, काय खाल्लं ते कळलं नाही.

तुझं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. काकूला मोठ्याने वाचायला लावलं, ओठ पाहत बसलो. खुर्चीवरच्या पिशवीपाशी ती थांबली आणि तेवढं पुन्हा वाचलं.

आता दादाला हे वाचून दाखव. मी त्याला माफ केलं असं समजू नये. हवा नळीत अडकली तर नळीला कळत नाही. त्याला कळत होतं. सात वर्षांत माझ्या दोन मुलींची लग्नं झाली, मोठ्या काकाशिवाय झाली. मनात खूप साचलंय. हे सगळं त्याला ऐकावं लागेल. ते पत्रात मावणार नाही, आणि तुझ्यामार्फत पाठवायचं नाही. समोर बसून बोलीन, मोठ्याने बोलीन, आणि त्यालाही मोठ्याने बोलावं लागेल, नाहीतर मला ऐकू येणार नाही. गावाने ऐकलं तर ऐकू दे.

परवा शिवरात्र आहे, फुलांची घाई आहे. रविवारी त्याला एसटीत बसवून दे. मी स्टँडवर उभा राहीन, त्याला दिसत नाही म्हणून मीच पुढे होईन. आणि त्याला सांग, भांडण सात वर्षांचं आहे, एका दिवसात उरकणार नाही. महिन्याभराचे कपडे घेऊन ये.

सहदेव